चौकातलं गूळपाणी

“हा फ्रिज म्हणजे कुठलं चित्र?” मोरेश्वरकाकांनी विचारलं.

“बंदरावरची सकाळ,” शोभनाकाकू म्हणाल्या. “आणि मध्ये बोलू नका. तुम्ही आत्ता टूरिस्ट आहात.”

“टूरिस्ट बोलतात.”

“मग टूरिस्टासारखं बोला.”

काकांनी फ्रिजकडे बघत जरा विचार केला. “एक्सक्यूज मी, बाथरूम कुठे आहे?”

मला हसू आलं, तशी काकूंनी लाटणं माझ्याकडे रोखलं. पोळ्या लाटता लाटता तालीम चालली होती.

“यांना काय जातंय थट्टा करायला,” त्या म्हणाल्या. “मी नापास झाले की यांच्या मनासारखंच होणार आहे.”

काकांनी फ्रिज उघडून बंदरावरच्या सकाळीतून ताकाचं भांडं काढलं.

ही २००५ सालची गोष्ट, सव्हाना गावातली. जॉर्जियाच्या समुद्राजवळचं हे जुनं गाव. दोन-चार गल्ल्या ओलांडल्या की एक झाडांनी भरलेला चौक, ओकच्या फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं करडं शेवाळ, आणि त्याखालून दिवसभर घंटा वाजवत फिरणाऱ्या टूरच्या ट्रॉल्या. घोडागाडीची टूर वेगळी, जुन्या घरांची वेगळी, भुतांची तर पाच-सहा तऱ्हांची. मी तिथे नाटक शिकायला गेले होते आणि डॉ. मोरेश्वर देवपुजारींच्या घरामागे, पूर्वी जिथे बग्गी ठेवत त्या बैठ्या इमारतीच्या माडीवर भाड्याने राहत होते. भाड्यात रविवारचं जेवण धरलेलं होतं. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण रविवारी मी खाली उतरले नाही तर काकू मागच्या दारातून हाका मारायच्या आणि शेजारचा कुत्रा त्यांना साथ द्यायचा.

काकू कोल्हापूरच्या. लग्न झाल्यावर नागपूरच्या या डॉक्टरांबरोबर इथे आल्या, त्याला तीस वर्षं उलटून गेली होती. डॉक्टर हॉस्पिटलमध्ये आणि काकू भाड्याच्या दोन खोल्यांत, असं पहिलं वर्ष गेलं.

“तेव्हा आमच्याकडे एसी नव्हता,” त्यांनी मला एकदा सांगितलं. “आणि इथला उन्हाळा तुला माहितीय. अंगाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखा. चौकावर एक मोठा बंगला होता, आत लोक जाताना दिसायचे. मी आपली आत शिरले. थंडगार. मग कळलं की ते चित्रांचं म्युझियम आहे.”

“म्हणजे तुम्ही एसीसाठी जायचात?”

“पहिला महिनाभर. मग चित्रांसाठी.”

एका चित्रासाठी, असं म्हणायला हवं. दुसऱ्या दालनात, डाव्या भिंतीवर एक बाई होती. घराच्या पुढच्या ओसरीवर बसलेली, हातात विंझणा, पांढरट उन्हात डोळे बारीक केलेले. तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची. चित्राखालच्या पाटीवर एवढंच लिहिलेलं की हे दक्षिणेतल्या दुपारचं चित्र आहे. काकू तिच्यासमोरच्या बाकावर जाऊन बसायच्या. तीस वर्षांत मुलगा झाला, मोठा झाला, शिकून गेला, आणि काकू अधूनमधून तिच्याकडे जात राहिल्या, माहेरच्या माणसाकडे जावं तशा.

गावात कुणी मराठी माणूस आला की गाव दाखवायचं काम काकूंचंच. गाडीने चार तासांवरच्या अल्फारेटाहून लाँग वीकेंडला येणारी आयटीतली जोडपी, त्यांचे पुण्याहून आलेले आईवडील, कुणाची तरी एडिसनची मावशी. काकू त्यांना आधी ओसरीवर बसवायच्या, गूळपाणी द्यायच्या, मग चौक दाखवत नदीवर न्यायच्या आणि शेवटी म्युझियम. पाहुण्यांना भुतांची टूर हवी असायची. काकू म्हणायच्या, “भुतं रोजच असतात, म्युझियम पाचला बंद होतं.”

आता काका रिटायर झाले होते. मुलगा सुशांत अल्फारेटाला. त्याने तळघर बांधून काढलं होतं, वेगळं किचन, वेगळी बाथरूम, कार्पेटसुद्धा काकांच्या आवडीच्या रंगाचं. तिथे नातवंडं होती, महाराष्ट्र मंडळ होतं, पत्त्यांचा अड्डा होता, हव्या त्या दिवशी ताजी मेथी मिळणारी दुकानं होती. सव्हानातले जुने मराठी लोक एकेक करून मुलांकडे गेले होते. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

“तुला इथे आहे काय?” ते विचारायचे.

“मला इथे पायी जाता येतं,” काकू म्हणायच्या. “तिथे कोथिंबीर आणायची तरी कुणीतरी सोडायला हवं. हायवेला मी गाडी चालवत नाही.”

“सुशांत सोडेल ना.”

“तेच म्हणतेय मी.”

हे वाद रविवारच्या जेवणाबरोबर ठरलेले होते, पापडासारखे. शेवटी त्यावर एक तोड निघाली. म्युझियमने डोसंट हवेत अशी जाहिरात दिली होती. डोसंट म्हणजे लोकांना चित्रं समजावत फिरणारी माणसं. पगार नाही, गळ्यात बिल्ला मिळतो. काकूंनी अर्ज केला, हिवाळाभर ट्रेनिंगला गेल्या. एप्रिलमध्ये परीक्षेची टूर. काका म्हणाले, डोसंट झालीस तर राहू. नाही झालीस तर मे महिन्यात घराला ‘विकणे आहे’ची पाटी.

“एवढ्यावर घर ठरवायचं?” मी काकूंना विचारलं.

“मग कशावर ठरवायचं?” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं मी इथल्या लोकांच्या तोंडी डॉक्टर डेवची बायको आहे. तिकडे गेले की सुशांतची आई. मध्ये थोडे दिवस मला शोभना होऊन बघायचंय. त्याला वय फार झालंय का?”

“नाही.”

“मग फ्रिजसमोर उभी राहा. तू ओहायोची बाई आहेस.”

परीक्षेच्या दिवशी हवा इतकी जड होती की झाडांवरचं शेवाळही हलत नव्हतं. काकूंनी फिकट जांभळी साडी नेसली होती आणि खांद्याला नेहमीची मोठी पर्स. परीक्षक मिसेस व्हिटेकर. उंच, गळ्यात मोत्यांची माळ, आवाज इतका मऊ की रागावल्या तरी कौतुक केल्यासारखं वाटावं. त्या फाइल घेऊन घोळक्याच्या मागे उभ्या राहिल्या. मी आणि ट्रॉलीतून नुकतेच उतरलेले आठ-दहा टूरिस्ट, असा आमचा घोळका.

काकूंनी सुरुवात केली, आणि मला घरी फ्रिजसमोर बोलणाऱ्या काकू कुठेच दिसेनात. आवाज बारीक, शब्द पाठ केलेले. चित्रकार कधी जन्मला, कुठे शिकला, प्रकाश कुठल्या बाजूने येतो. पहिल्या दालनात दोन माणसं घड्याळ बघायला लागली. दुसऱ्या दालनात, ओसरीवरच्या बाईसमोर, काकूंनी तोंड उघडलं आणि थांबल्या.

त्या चित्राकडे बघत नव्हत्या. पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, टोपी हातात, श्वास मोठा. शेजारी त्यांची बायको माहितीपत्रकाने वारा घालत होती.

“सर,” काकू म्हणाल्या, “तुम्ही आधी बसा.”

“आय ॲम फाइन, मॅम.”

“बसा.” हे मराठीत. आणि ते बसले. काकूंनी मराठीत बसा म्हटल्यावर न बसलेला माणूस मी पाहिलेला नाही.

मग त्यांनी पर्स उघडली. आतून स्टीलची डबी, पाण्याची बाटली आणि एक लहानसं फुलपात्र निघालं. डबीत गुळाचे खडे. “इंडियन प्रालीन,” काकूंनी सांगितलं, कारण नदीकाठची मिठाईची दुकानं रस्त्यावर प्रालीनच्या वड्या चाखायला देतात हे प्रत्येक टूरिस्टाला माहीत असतं. “आधी हे, मग पाणी. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला आधी हे देतात. कुठून आलात, काय काम काढलंत, ते नंतर विचारतात.”

गृहस्थांनी खडा तोंडात टाकला. पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. त्यांच्या बायकोनेही हात पुढे केला. मग मागून कुणीतरी, “मेय आय?” डबी हातोहात फिरली. आणि काकूंचा आवाज परत आला.

“आता हिच्याकडे बघा,” त्या म्हणाल्या. “हीसुद्धा उन्हात बसलीय. शेजारची खुर्ची रिकामी आहे. कुणाची असेल?”

“नवऱ्याची,” कुणी म्हणालं.

“मैत्रिणीची. जी कायम उशिरा येते.”

“तिच्या आईची,” ते गृहस्थ म्हणाले. “आई वारलीय, पण खुर्ची आत नेववत नाही हिला.”

आता कुणीच घड्याळ बघत नव्हतं. मला वाटलं, झालं, काकू पास.

तेवढ्यात दारातून सिक्युरिटीचे मिस्टर लीरॉय आले. ते काकूंना वर्षानुवर्षं ओळखत होते. शोभनाचं शोभा करून, दक्षिणेतल्या पद्धतीप्रमाणे नावाआधी मिस लावून हाक मारायचे, आपण काकू जोडतो तसं.

“मिस शोभा,” ते अगदी हळू म्हणाले. “नो, मॅम. इथे नाही.”

चित्राच्या बरोबर खाली, जुन्या लाकडी जमिनीवर, गुळाचा एक खडा पडला होता. मिसेस व्हिटेकर पुढे आल्या, वाकल्या, मोत्यांची माळ पुढे झुलली, आणि टिशूने तो खडा त्यांनी असा उचलला की जणू तो हलतोय.

“मिस शोभा,” त्या म्हणाल्या, “शंभर वर्षांपूर्वीचा कॅनव्हास आहे हा. मुंग्या आधी गोडाला येतात, आणि त्यांच्या मागून बाकीचे किडे येतात. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आपण.”

“यस, मॅम.”

“ओह, ब्लेस युअर हार्ट.”

सव्हानात दोन वर्षं राहिल्यावर मला इतपत कळत होतं की हे वाक्य आशीर्वादासारखं ऐकू येत असलं तरी त्यानंतर काही मिळायचं नसतं.

घरी जाताना काकू दोन चौक भराभर चालल्या. तिसऱ्या चौकात थांबल्या.

“गुळाला मुंग्या येतात,” त्या म्हणाल्या. “हे त्या बाईने मला सांगावं. मला. कोल्हापूरच्या माणसाला.”

“काकू, त्या आजोबांना चक्कर आली असती.”

“आली नसती. नुसता घामेजला होता तो.” त्या पुन्हा चालायला लागल्या. “मला राहवलं नाही, एवढंच खरं. पाहुणा उभा, मी त्याला तारखा सांगतेय. जीभच वळेना.”

काका ओसरीवर पेपर वाचत होते. आमचे चेहरे बघून त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

“काय झालं?”

“गूळ दिला मी.”

“आत? चित्रांपाशी?”

“हो.”

“त्यात डायबेटिसवाले किती होते, विचारलंस?”

काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या. काका माझ्याकडे वळले. “मी गमतीने म्हणालो गं,” ते म्हणाले, पण तोवर आतून भांड्यांचे आवाज सुरू झाले होते. जरा वेळाने काकूंचाच आवाज आला.

“एजंटला फोन करा. बोलण्यात बदल नको.”

काका लगेच उठले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसले, आणि मग फोन करायला गेले ते पाय ओढत गेले.

पाटी लागली. एजंट घर दाखवायला लागला. अमेरिकेत घर दाखवताना मालकाने घरात थांबायचं नसतं, म्हणजे बघणाऱ्यांना कपाटं उघडायला संकोच वाटत नाही. काकूंना ही रीत अजिबात पटली नाही. “माझ्या घरी लोक येणार आणि मी बाहेर? त्यांना पाणी कोण देईल?” एजंट हसला. त्याला तो विनोद वाटला. सुशांतचा फोन रोज यायचा. “आई, तू एकदा ये तर. बघ तर. मुलांना तुझ्या हातचं हवंय.” “मुलांना पिझ्झा हवा असतो, राजा,” काकू म्हणायच्या, पण आवाज चढवायच्या नाहीत.

मे महिन्याच्या मध्यावर काकू ट्रेनिंगची पुस्तिका आणि तात्पुरता बिल्ला परत द्यायला निघाल्या. मला म्हणाल्या, “चल सोबत. एकटी गेले तर मी चित्रातल्या त्या बाईसमोर बसून राहीन आणि तुला ओढून आणावं लागेल, त्यापेक्षा आधीच ये.”

म्युझियमच्या समोरच्या चौकात ओकखाली बाकं आहेत. तिथे ट्रॉलीतून उतरलेले सात-आठ जण बसले होते. पुढच्या टूरला वेळ होता, ऊन वर आलं होतं, आणि चावरी चिलटं घोंघावत होती. एक बाई लहान मुलीच्या पायांवर हात फिरवत होती. काकूंची चाल मंदावली.

“काकू, बिल्ला,” मी म्हणाले.

“देते ना. पळतोय का बिल्ला?” त्या बाकाच्या टोकाला बसल्या. पर्स मांडीवर. “कुठून आलात?” त्यांनी त्या बाईला विचारलं आणि मग स्वतःवरच रागावल्यासारखं डोकं हलवलं. “थांबा. आधी हे.”

डबी उघडली. इंडियन प्रालीन. फुलपात्र. चिलटांसाठी पदराचा वारा. चौक म्युझियमचा नव्हता, कॅनव्हास जवळपास नव्हता, आणि मुंग्यांना तिथे पूर्वीपासून वावर होता. पाच मिनिटांत सगळे बाकांवर काकूंकडे तोंड करून बसलेले.

“आत गेलात की बंदराचं चित्र येईल,” काकू सांगत होत्या. “छान आहे, बघा. मग दुसऱ्या दालनात जा. डाव्या हाताला एक बाई बसलीय. मी तुमच्याएवढी होते तेव्हापासून ती तिथेच बसलीय, उठली नाहीय. तिच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे. कुणाची, ते बघून या आणि मला सांगा. आत कुणाला विचारू नका. त्यांना माहीत नाही.”

“तुम्हाला माहितीय?” लहान मुलीने विचारलं.

“मला रोज वेगळं वाटतं.”

ते आत गेले. आम्ही बाकावर. मी बिल्ल्याची आठवण करायचं सोडून दिलं होतं.

पहिला बाहेर आला तो एक तरुण. “तिने कुणालातरी हाकलून दिलंय,” तो म्हणाला. “खुर्ची तिरकी आहे. घाईने उठलेल्या माणसाची आहे.” त्याच्या मागून ती आई आणि मुलगी. मुलगी म्हणाली, खुर्ची मांजराची आहे, ते आत दूध प्यायला गेलंय. मग दोघी बहिणी भांडतच बाहेर आल्या. खुर्ची तिरकी आहे की नाही ह्यावर एकमत होईना, म्हणून दोघी पुन्हा आत गेल्या.

आणि त्यानंतर मिसेस व्हिटेकर पायऱ्या उतरून आल्या. ह्या वेळी हातात फाइल नव्हती.

काकू उभ्या राहिल्या. “मी हे परत द्यायला आले होते,” त्या म्हणाल्या आणि बिल्ला पुढे केला.

मिसेस व्हिटेकरनी तो घेतला नाही. “मिस शोभा, माझ्या दुसऱ्या दालनात गर्दी झालीय.”

“सॉरी.”

“लोक त्या दालनातून जातात. थांबत नाहीत. आज एक बाई मला विचारतेय, खुर्ची तिरकी आहे का, शिडी मिळेल का, जवळून बघायचंय.” त्या बाकावर बसल्या. जपून, पण बसल्या. मग डबीकडे बघून म्हणाल्या, “त्या दिवशी मला दिला नव्हतात तुम्ही.”

“तुम्ही मार्क देत होतात.”

“आत्ता देत नाहीय.”

काकूंनी डबी पुढे केली. मिसेस व्हिटेकरनी सगळ्यात लहान खडा निवडला, चघळला, आणि भुवया वर गेल्या. “हे आमच्या आजीच्या घरच्या उसाच्या काकवीसारखं लागतं,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ दोघी काकवी कशी आटवतात ह्यावर बोलल्या. मी मध्ये पडले नाही. नाटकात मध्ये कधी बोलायचं नाही हे आधी शिकवतात.

शेवटी मिसेस व्हिटेकर उठल्या. “टूर इथून सुरू करा,” त्या म्हणाल्या. “ह्या बाकांवरून. काय द्यायचं ते इथे द्या. दारातून आत जाताना मला सगळ्यांचे हात रिकामे आणि पुसलेले हवेत. तुमची पर्ससुद्धा लीरॉयकडे राहील.”

“पर्ससुद्धा?”

“विशेषतः पर्स. शनिवारी सकाळी, मी पुन्हा मागे उभी राहीन.”

घरी येईस्तोवर काकू अर्धं पळतच होत्या. काका स्वयंपाकघरात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“शनिवारी?” ते म्हणाले. “शनिवारी सकाळी बॉस्टनचं जोडपं घर बघायला येतंय. एजंट म्हणतोय, ते सीरियस आहेत. आपल्याला बाहेर पडायचंय.”

“मी बाहेरच असेन,” काकू म्हणाल्या. “तुमचं तुम्ही बघा.”

शनिवारी सकाळी काका घरातून निघाले तेव्हा त्यांच्या हातात पेपर होता आणि जायला जागा नव्हती. लायब्ररी दहाला उघडायची होती. ते आमच्या मागून सावकाश चालत चौकात आले आणि शेवटच्या बाकावर पेपर उघडून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी म्युझियमचं दार ओलांडलं नव्हतं. हॉस्पिटल, घर, झोप, पुन्हा हॉस्पिटल, आणि मधला वेळ गाडीत.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या टूरिस्टांना गूळ देत होत्या, कुठून आलात विचारत होत्या, उन्हाला नावं ठेवत होत्या. आवाज घरचा. शेवटच्या बाकापाशी आल्या तेव्हा त्यांनी काकांसमोरही डबी धरली.

“सर?”

काकांनी पेपर खाली केला. “मला शुगर आहे, मॅम.”

“मग नुसतं पाणी घ्या.”

त्यांनी पाणी घेतलं. मग सगळे उठले तसे तेही उठले, आणि पेपर बाकावर ठेवून घोळक्याबरोबर आत आले. दारात मिस्टर लीरॉयनी काकूंची पर्स दोन्ही हातांनी घेतली, जणू बाळ दिलंय.

बंदराच्या चित्रापाशी काकूंनी एक वर्ष चुकीचं सांगितलं. मिसेस व्हिटेकरचा चेहरा हलला नाही. मग दुसरं दालन. डावी भिंत.

“ही कुणासाठी बसलीय?” काकूंनी विचारलं. “ही खुर्ची कुणाची?”

उत्तरं यायला लागली. पोस्टमनची. बहिणीची. कुणीतरी म्हणालं, चित्रकाराचीच. तो उठून चित्र काढायला गेला. काकू प्रत्येकाला “आणि?” म्हणत होत्या, भाजी वाढताना म्हणावं तसं.

काका सगळ्यांत मागे, मिसेस व्हिटेकरच्या शेजारी उभे होते. ते चित्र पहिल्यांदाच बघत होते. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

काकूंना तो हात दिसला. “यस, सर?”

“डॉक्टरची,” काका इंग्रजीत म्हणाले. “खुर्ची डॉक्टरची आहे. जेवायला येतो म्हणाला होता. पेशंट आला असेल.” ते पुढे म्हणाले, “ती रोज बसते. तो येतो तेव्हा अंधार झालेला असतो.”

लोक हसले, मग त्यांना वाटलं की हसायला नको होतं. काकूंनी “आणि?” विचारलं नाही. त्यांनी चित्राकडे तोंड फिरवलं, पदर नीट केला, आणि पुन्हा वळल्या तेव्हा आवाज जवळजवळ नेहमीसारखा होता.

“असू शकतं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या दालनात चला. पाय दुखत असतील त्यांनी सांगा, तिथे बाक आहे.”

टूर संपल्यावर काका चौकात येऊन आपल्या बाकावर बसले. पेपर कुणीतरी नेला होता. मी त्यांच्या शेजारी होते तेव्हा त्यांचा मोबाइल वाजला. एजंट. मला पलीकडचा उत्साही आवाज ऐकू येत होता: बॉस्टनच्या जोडप्याला घर आवडलंय, ओसरी तर फारच आवडलीय.

“ओसरी चांगलीच आहे,” काका म्हणाले. “पण घर विकायचं नाही. पाटी काढून घ्या. नाही, किंमत बरोबर आहे. माझी वाइफ इथे म्युझियममध्ये काम करते. तिला चालत जायला जवळ पडतं.”

काकू नेमक्या तेव्हाच पर्स घेऊन पायऱ्या उतरत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “अजून सांगितलं नाहीय त्यांनी. मी वर्ष चुकवलंय.”

“कुठलं?”

“बंदराचं. वीस वर्षांनी.”

“वीस वर्षं तर आपल्या घरात पडदे बदलायला लागतात,” काका म्हणाले. “बस.”

काकू बसल्या. दोघांमध्ये पर्स. मी ट्रॉली बघायला म्हणून जरा लांब गेले, पण ऐकू येत होतं.

“सुशांतला काय सांगायचं?”

“महिन्यातून एक वीकेंड मी तुला गाडीने नेईन. त्याचं तळघर वाया नाही जायचं.”

“तुम्हाला तिकडे करमत होतं.”

“तिकडे करमलं असतं,” काका म्हणाले. “इकडे अजून बघायचं राहिलंय. तिसऱ्या दालनात काय आहे? तू फार भरभर नेलंस.”

मिसेस व्हिटेकर बाहेर आल्या त्या नवा बिल्ला घेऊन. त्यावर नाव होतं, शोभना देवपुजारी, आणि आडनावात एक अक्षर चुकलेलं. काकूंनी ते तसंच गळ्यात घातलं. दुरुस्त करून देते म्हटल्यावर म्हणाल्या, “राहू दे. माझंही एक वर्ष चुकलंय.”

त्या उन्हाळ्यात मी शनिवारी सकाळी चौकातून कॉलेजला जायचे तेव्हा बाकांवर गर्दी असायची. जांभळ्या साडीतल्या काकू मधोमध उभ्या, हातवारे करत. आणि शेवटच्या बाकावर डॉ. मोरेश्वर देवपुजारी, मांडीवर स्टीलची डबी, एकेका टूरिस्टाकडे डोळे बारीक करून बघत विचारत असायचे, “गुड मॉर्निंग. डायबेटिस आहे का? नाही? मग दोन घ्या.”